‘शुश्रूषा’ शब्दाचा अर्थ आणि रुग्णपरीक्षणाची भाषा

रुग्णाची काळजी घेण्याच्या कर्मासाठी मराठीत सेवा, परिचर्या आणि शुश्रूषा असे तीन शब्द रूढ आहेत. शासकीय पदनामांनी यांपैकी पहिल्या दोहोंचा आश्रय घेतला. ‘अधिपरिचारिका’, ‘परिसेविका’, ‘अधिसेविका’ ही पदे त्यांतूनच घडली. ‘शुश्रूषा’ या शब्दाला या नामावलीत स्थान मिळाले नाही. तो ‘शुश्रूषागृह’ या सामासिक शब्दात मात्र टिकून राहिला. म्हणजे हा शब्द वास्तूला लाभला, व्यक्तीला लाभला नाही. ही निवड केवळ उच्चारसौकर्यामुळे झाली असेल. तथापि तिच्यामुळे जो अर्थ दृष्टिआड झाला, तो सुरक्षित परिचर्येच्या मुळाशी असलेला अर्थ आहे.

‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून साधलेले नाम होय. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. गुरूचे वचन ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञाधारकपणा, त्यावरून सेवा आणि शेवटी रुग्णाची सेवा, असा हा अर्थविस्तार झाला. आज हा शब्द पुष्कळदा ‘सुश्रुषा’ असा अशुद्ध लिहिला जातो, यावरून त्यातील श्रवणाचा अंश बोलणाऱ्याच्या जाणिवेतून किती पुसला गेला आहे, हे दिसते.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व आहे. शब्दाच्या मुळात श्रवण आहे, एवढ्यावरून परिचारिकेने ऐकावे असे सिद्ध होत नाही. परंतु या अर्थविस्तारातील एक गोष्ट चिंतनीय आहे. या श्रवणाला आरंभापासून दिशा आहे, आणि ती खालून वर जाणारी आहे. शिष्य गुरूचे ऐकतो, सेवक धन्याचे ऐकतो. रुग्णालयाच्या व्यवस्थेतही परिचारिकेचे कान वैद्याच्या आज्ञेकडे लागलेले असावेत, अशीच अपेक्षा दीर्घकाळ राहिली. रुग्णाच्या शब्दाकडे वळलेले श्रवण ही नंतरची, आणि अद्याप अपुरी राहिलेली, घटना आहे.

प्राचीन वैद्यकाला या प्रश्नाची जाणीव नव्हती असे नाही. चरकाने चिकित्सेचे चार पाद मानले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. रुग्णाच्या गुणांत त्याने ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपली व्यथा सांगता येण्याचे सामर्थ्य, समाविष्ट केले. वाग्भटानेही दर्शन आणि स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्न हे रुग्णपरीक्षेचे साधन मानले. परंतु सांगण्याचे सामर्थ्य हा रुग्णाचा गुण मानला की न सांगितल्याचा दोषही त्याच्याच माथी येतो. वस्तुतः ज्ञापकत्व हे विचारणारा आणि सांगणारा या दोघांमध्ये घडते. प्रश्न चुकला तर सांगता येणारेही सांगितले जात नाही.

या दृष्टीने आधुनिक परिभाषेकडे पाहिले असता दोन उणिवा जाणवतात. पहिली ‘रुग्णाचे मूल्यांकन’ या शब्दप्रयोगातील. मूल्यांकन उत्तरपत्रिकेचे होते, मालमत्तेचे होते. त्यात मोजणाराच काय तो कर्ता असतो. ‘रुग्णपरीक्षण’ हा शब्द जुना असूनही अधिक निर्दोष आहे. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. रुग्णाला जाणवते ते आणि परिचारिकेला दिसते ते, हा भेद परीक्षणाचा पाया होय. मळमळ रुग्ण सांगतो. घाम परिचारिका पाहते. मराठी व्यवहारात मात्र दोहोंना ‘लक्षण’च म्हटले जाते. पहिल्यासाठी ‘लक्षण’ आणि दुसऱ्यासाठी ‘चिन्ह’ असा विभाग कटाक्षाने पाळला पाहिजे. नाहीतर नोंदवहीतील वाक्य कोणाचे, रुग्णाचे की परिचारिकेचे, हे पुढच्या पाळीवर येणारीला कळत नाही.

हा भेद प्राणरक्षक ठरू शकतो, याचे उदाहरण कोकणातच आहे. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामाची पूर्वसूचक लक्षणे व चिन्हे १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही ती सूचना होती. या दंशात वेदनेने ओरडणारा रुग्ण सर्वांचे लक्ष वेधून घेतो. परंतु हातपाय गार पडलेला, फारसे न बोलणारा रुग्ण अधिक धोक्यात असू शकतो. श्रवणाची इच्छा म्हणजे केवळ बोललेले ऐकणे नव्हे. न बोलणाऱ्याजवळ थांबणेही तिच्यात येते.

बोललेल्या शब्दांचा विचार करू लागल्यास मराठीची समृद्धी हीच परीक्षणाची अडचण होते. ‘दुखणे’ हा शब्द वेदना आणि आजार असे दोन्ही अर्थ देतो. दुखणाईत मनुष्य वेदनेत असेलच असे नाही. उलट वेदनेचे प्रकार सांगण्यास कळ, ठणका, चमक, उसण, आग, जळजळ, टोचणी, पेटका, मुंग्या असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. थांबून थांबून येते ती कळ. नाडीच्या ठोक्याबरोबर उठतो तो ठणका. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली इंग्रजीतील अठ्ठ्याहत्तर वेदनाशब्द वीस गटांत मांडून त्यांची प्रश्नावली सिद्ध केली. मराठी रुग्णाचे शब्द मात्र ‘पेन’ या एकाच इंग्रजी शब्दात कोंबून नोंदवले जातात, आणि रुग्णाने केलेला भेद कागदावर येण्यापूर्वीच नाहीसा होतो.

वेदना शून्य ते दहा या मापात सांगण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. परंतु ‘बारा आणे बरे वाटते’ असे सांगणारे वृद्ध अजून भेटतात. दशमान नाणी १९५७ साली आली, तरी त्यांच्या मनातील पूर्ण सोळाचेच राहिले. शिवाय आणे बरे वाटण्याचे सांगितले जातात, दहातील आकडा दुखण्याचा मागितला जातो. बारा आणे ऐकून साडेसात लिहिणारी परिचारिका उलटी नोंद करील. तसेच ‘दुखणे अंगावर काढले’ या वाक्प्रचारातून आजार किती जुना, हे कळत नाही. सोसण्याची वृत्ती तेवढी कळते. तो ऐकताच ‘किती दिवस?’ हा प्रश्न आला पाहिजे.

प्रश्नाच्या घडणीचाही येथे विचार करणे आवश्यक आहे. ‘झोप लागली ना?’, ‘आता दुखत नाही ना?’ या वाक्यांतील ‘ना’ उत्तर आधीच ठरवून टाकतो. गणवेशातील व्यक्तीला नकार देणे रुग्णाला अप्रशस्त वाटते. तो होकार देतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आपल्या परिचर्याविषयक ग्रंथात रुग्णनिरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांवर कठोर टीका केली, ती याच कारणासाठी. रुग्णाची ओळख पटवतानाही हाच नियम लागू पडतो. ‘तुम्ही पवार ना?’ या प्रश्नाला कमी ऐकू येणारे आजोबाही ‘हो’ म्हणतील. ‘तुमचे पूर्ण नाव सांगा’ या विनंतीला चुकीचा होकार देता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाला बोलींची जोड मिळते. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात संगमेश्वरी, बाणकोटी, दालदी, चित्पावनी अशा बोलींची नोंद आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या गावांतून येणारा रुग्ण आपली बोली घेऊन येतो. परिचारिका विदर्भातील वा मराठवाड्यातील असू शकते, आणि तिचे पदवीशिक्षण इंग्रजीतून झालेले असते. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडलेल्या ग्लासगो मापनात शुद्धीचे गुण तीनपासून पंधरापर्यंत असतात. त्यांत वाचेला पाच गुण आहेत आणि स्थळकाळाचे भान ठेवून नीट उत्तर देणारा व गोंधळून बोलणारा यांत एका गुणाचा फरक आहे. प्रमाण मराठीतील प्रश्न न उमगल्याने थबकलेली वृद्धा या मापात ‘गोंधळलेली’ ठरू शकते. उलट खरोखर ढळू लागलेली शुद्धी ‘गावाकडची भाषा’ म्हणून दुर्लक्षित होऊ शकते. दुसरी चूक पहिलीपेक्षा घातक आहे.

संख्यांचीही तीच गोष्ट. ‘सतरा’ आणि ‘सत्तर’ दूरध्वनीवर सहज एकमेकांत मिसळतात. देवनागरी एकाचा आकडा घाईत इंग्रजी नऊसारखा वाचला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय प्रसृत केले. त्यांत सारखी दिसणारी व सारखी ऐकू येणारी औषधनामे, रुग्णाची ओळख आणि पाळी बदलतानाचे संभाषण या तिन्ही बाबी आहेत. तिन्ही मूलतः भाषेच्या आहेत. तोंडी सूचना लिहून घेऊन परत वाचून दाखवणे आणि ‘सत्तर, सात शून्य’ असे अंक सुटे उच्चारणे, हे त्यावरचे साधे उपाय होत.

येथे एक आक्षेप संभवतो. एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असताना प्रत्येकाची बोली उलगडत बसण्यास वेळ कोठून आणावा? नमुनापत्रे याच अडचणीतून निर्माण झाली. त्यांच्यामुळे नाडी, श्वसन, रक्तदाब यांची नोंद निसटत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. आक्षेप योग्य आहे, आणि नमुनापत्रे टाकून द्यावीत असे कोणीही म्हणणार नाही. मागणी अल्प आहे: नमुनापत्रात रुग्णाचे एक वाक्य त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहिण्यास जागा असावी. ‘छातीत आग’ आणि ‘छातीवर दगड’ यांतील फरक दोन शब्दांत नोंदवता येतो. तो पाहून निर्णय घेण्याचे काम वैद्याचे. तो वैद्यापर्यंत पोहोचवण्याचे काम परिचारिकेचे.

हे काम आज्ञापालनाचे नाही. कधी कधी ते ‘रुग्ण आता ठीक नाही’ असे वरिष्ठाला निक्षून सांगण्याचेही असते. गुरूकडे लागलेले कान रुग्णाकडे वळवणे आणि ऐकलेले निर्भयपणे वर पोहोचवणे, असा ‘शुश्रूषे’चा नवा अर्थ परिचर्येच्या व्यवहारात घडू लागला आहे. त्याला शब्द पुरवण्यासाठी भाषाभ्यासकाने कोशाइतकेच लक्ष रुग्णशय्येजवळच्या संभाषणाकडे दिले पाहिजे. रत्नागिरीच्या बोलींतील व्यथावाचक शब्दांचा संग्रह या विभागातील विद्यार्थ्याला साध्य होण्याजोगा आहे, आणि त्याचा पहिला वाचक एखादी परिचारिका असेल.