तो डायरेक्ट घरी आला

मालेगावच्या स्टँडवर नाशिकच्या गाडीत चढताना प्रवासी विचारतो, ‘डायरेक्ट आहे ना?’ कंडक्टर म्हणतो, ‘डायरेक्टच आहे, बसा.’ मग गाडी सौंदाण्याला थांबते, उमराण्याला थांबते, चांदवडला आणि पिंपळगावलाही थांबते. प्रवासी कुरकुरतो. पण खोटं दोघांपैकी कुणीच बोललेलं नसतं. एकाच्या मनात न थांबणारी गाडी होती, दुसऱ्याच्या मनात न बदलावी लागणारी. एसटीच्या पाटीवर ‘विनाथांबा’ हा नेमका शब्द असतो, तो का ते अशा वेळी कळतं.

या गावाला ‘डायरेक्ट’चं अप्रूप असणं साहजिक आहे. मालेगावला रेल्वे नाही. गाडी धरायची तर आधी मनमाड गाठावं लागतं. मालेगाववरून जाणाऱ्या मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली तीही सप्टेंबर २०२४ मध्ये. जिथे मधला टप्पा रोजच आडवा येतो, तिथे तो टाळणारा शब्द तोंडी बसणारच.

मूळ इंग्रजीतही हा शब्द एका अर्थाला बांधलेला नाही. लॅटिनमधल्या ‘सरळ केलेला’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला. क्रियाविशेषण म्हणून तिथे त्याची ‘डायरेक्ट’ आणि ‘डायरेक्टली’ अशी दोन रूपं चालतात. विमान डायरेक्ट जातं, दुकान डायरेक्टली समोर असतं आणि आडपडदा न ठेवणारा माणूसही डायरेक्टली बोलतो. गंमत म्हणजे ‘डायरेक्टली येतो’ याचा अर्थ ‘लगेच येतो’ असाही होतो आणि ‘येतो थोड्या वेळाने’ असाही. आपण आखूड रूप उचललं, खेड्यात त्याचं ‘डायरेक’ केलं आणि त्याला आपल्या कामाला जुंपलं. मालेगावात तर तो तिन्ही बोलींत सारखाच चालतो. मराठीत ‘तो डायरेक्ट घरी आला’, अहिराणीत ‘तो डायरेक्ट घर उना’ आणि यंत्रमागाच्या गल्लीत ‘वो डायरेक्ट घर आया’. क्रियापद बदललं, विभक्ती बदलली, हा मात्र जागचा हलला नाही.

हे चार शब्दांचं वाक्यच जरा निरखून पाहू. ‘तो डायरेक्ट घरी आला.’ पोरगा परीक्षेहून कुठे न रेंगाळता परतला, म्हणून आई हे समाधानाने सांगते. पाहुणा फोन न करता दारात उभा राहिला की तेच वाक्य कपाळाला आठ्या घालून येतं. उधारी वसूल करणाऱ्याने दुकानात गाठायचं सोडून चारचौघांत उंबरठ्याशी हाक मारली, तर त्याच वाक्यात अपमान असतो. पहिल्या वेळी वाटेतले थांबे वगळले आहेत, दुसऱ्या वेळी पूर्वसूचना आणि तिसऱ्या वेळी रीतभात. काय वगळलं ते वाक्यात कुठेच नाही. ते आवाजात आहे आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. ‘डायरेक्ट’ची खरी ताकद हीच. मधलं काहीतरी गळलं एवढंच तो सांगतो. काय गळलं ते ज्याचं त्याने ओळखायचं.

आता त्याच जागी मराठी शब्द ठेवून पाहा. ‘तो थेट घरी आला’ म्हटलं की वाट दिसते, अंतर दिसतं. ‘तडक घरी आला’ यात पावलं जोरात पडतात. काहीतरी बिनसलंय किंवा मनाशी पक्कं ठरलंय. ‘सरळ घरी आला’ यात एकतर साधेपणा आहे, नाहीतर बेदरकारपणा. ‘एकदम घरी आला’ म्हणजे ध्यानीमनी नसताना. आणि ‘परस्पर घरी आला’ म्हणजे जिथे आधी जायचं, ज्याला आधी सांगायचं, त्याला डावलून आला. पाच शब्द, पाच स्वभाव. ‘डायरेक्ट’ त्या पाचांचीही जागा घेतो, पण स्वभाव मात्र एकाचाही पुरता घेत नाही.

तरी तो नुसता घुसखोर नाही. ‘कांदा डायरेक्ट पाचशेनं पडला’ हे वाक्य घ्या. ‘एकदम पडला’मध्ये धक्का आहे. ‘डायरेक्ट पडला’मध्ये धक्का आहेच, शिवाय मधल्या पायऱ्या कुणीतरी काढून घेतल्याची तक्रारही आहे. पन्नासाने, शंभराने उतरला असता तर सावरायला वेळ मिळाला असता. मालेगावच्या आसपासच्या कसमादे पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द असा येतो तेव्हा तो उसना वाटत नाही.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. भरती ‘सरळसेवा’, अनुदान ‘थेट लाभ हस्तांतरण’, हे शब्द कागदावर राहिले. बोलण्यात पैसे ‘डायरेक्ट खात्यात’च येतात. पण गावाने सरपंच आपल्या मतांनी निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली, तेव्हा चावडीवर ‘थेट सरपंच’ हाच शब्द रुजला. दोन अक्षरांचा, ठसक्याचा शब्द आयता हाताशी असला की लोक इंग्रजीकडे वळत नाहीत. लांबलचक सरकारी जोडशब्द मात्र ते सोडून देतात.

म्हणून ‘डायरेक्ट’ला हाकलून लावायचं कारण नाही. बोलताना खुशाल वापरा, आवाज आहे तोवर अर्थ सांभाळला जातो. लिहिताना मात्र आवाज सोबत नसतो. तिथे थेट, तडक की परस्पर हे आपणच ठरवायला हवं. व्यापाऱ्याने कांदा शेतकऱ्याच्या खळ्यावरून थेट उचलला, तर तो व्यवहार झाला. परस्पर उचलला, तर ती पोलिसांत द्यायची तक्रार झाली. ‘डायरेक्ट उचलला’ असं लिहून दिलंत, तर ठाणे अंमलदार तुम्हालाच विचारेल, म्हणजे नेमकं काय झालं?