‘काहीच घडत नाही’ : एक माशी आणि तिचे प्रेक्षक

अभिरुचीबद्दल आपण गेले काही आठवडे तत्त्वाच्या अंगाने बोललो. आज एक उदाहरण घेऊ आणि त्यावर ते सगळं घासून बघू. उदाहरण एका गुन्हेगारी मालिकेचं आहे. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात मालिका कशाला, असं कुणाला वाटत असेल, तर भरतमुनीही लोक जे बघायला गर्दी करत होते त्याच्याचबद्दल लिहीत होते, एवढंच सांगून पुढे जातो.

मालिका ‘ब्रेकिंग बॅड’. अमेरिकेत एएमसी वाहिनीवर ती २००८ ते २०१३ या काळात दाखवली गेली. आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांना आधीच सांगतो, तिची गुपितं आज फुटणार आहेत. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात वॉल्टर व्हाइट नावाचा रसायनशास्त्राचा शाळामास्तर आहे. त्याला कर्करोग होतो. घरच्यांसाठी पैसा मागे ठेवायचा म्हणून तो जेसी पिंकमन या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून अमली पदार्थ बनवू लागतो. पुढे तो पैशासाठी बनवतो की बनवता येतं म्हणून, हे त्याचं त्यालाही कळेनासं होतं.

तिसऱ्या पर्वाचा दहावा भाग २३ मे २०१० रोजी प्रसारित झाला. त्याचं नाव ‘फ्लाय’, म्हणजे माशी. दिग्दर्शक होते रायन जॉन्सन. ते मालिकेच्या घरचे नव्हेत, सिनेमातून आलेले पाहुणे. ‘ब्रिक’ आणि ‘द ब्रदर्स ब्लूम’ असे दोन चित्रपट तेव्हा त्यांच्या नावावर होते. या भागात काय होतं? कपडे धुण्याच्या कारखान्याखाली बांधलेल्या गुप्त प्रयोगशाळेत एक माशी शिरते. आता सगळा माल नासणार, असं वॉल्टरच्या डोक्यात बसतं आणि तो रात्रभर तिच्या मागे लागतो. दोन माणसं, एक खोली, एक माशी. बस.

प्रेक्षक उसळले. तीनच आठवडे आधी, २ मेच्या भागात, वाहनतळावरचा तो भयंकर गोळीबार झाला होता. रविवारच्या रात्री लोक पुढे काय होणार म्हणून श्वास रोखून बसले होते, आणि समोर आला चपलेने माशी मारू बघणारा मास्तर. एका वाक्यात तक्रार अशी : काहीच घडत नाही. दुसरी बाजूही तितकीच ठाम होती. अख्ख्या मालिकेतला सर्वांत खोल भाग हाच, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षक गुण देतात. तिथे या मालिकेच्या भागांत सर्वांत कमी गुण ‘फ्लाय’ला आहेत.

आता गंमत बघा. त्याच संकेतस्थळावर अनेक वर्षे दहापैकी दहा गुण मिरवणारा भाग याच मालिकेचा आहे. ‘ओझिमँडियस’, १५ सप्टेंबर २०१३. दिग्दर्शक पुन्हा रायन जॉन्सन. लेखिका मॉयरा वॉली-बेकेट. ‘फ्लाय’ सॅम कॅटलिन यांच्यासोबत लिहिणारी हीच ती बाई. म्हणजे तोच दिग्दर्शक आणि तीच लेखणी, एकदा तळाला आणि एकदा शिखरावर. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यावा असं आम्हाला वाटत नाही. या दोन निकालांमध्ये एक धागा आहे, आणि तो गुण देणाऱ्यांच्या नजरेतून सुटला आहे.

आधी तक्रार नीट ऐकून घेऊ, कारण ती मूर्खांची तक्रार नाही. आपल्याकडे मालिकेत पाणी घालणं हा शब्दप्रयोग घराघरांत आहे. एक लग्न चाळीस भाग चालतं, एक जिना चढायला तीन दिवस लागतात, आणि पडद्यावर ढॅण् ढॅण् वाजत राहतं. रोज संध्याकाळी हे भोगलेला मराठी प्रेक्षक ‘फ्लाय’ बघून म्हणाला की हे भरताड आहे, तर त्याला दोष कसा द्यावा? शिवाय शंका अगदी निराधारही नाही. मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांनी उघडच सांगितलंय की त्या वेळी खर्च हाताबाहेर गेला होता. रोज नव्या ठिकाणी लवाजमा हलवणं परवडत नव्हतं, म्हणून एकाच जागी आटपणारा भाग करावा लागला. पैसे वाचवायला केलेला भाग, तेव्हा प्रेक्षक म्हणणार, आम्हाला गंडवलं.

पण एखादी गोष्ट का केली आणि तिच्यातून काय निपजलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरात भाजी नव्हती म्हणून पिठलं झालं. पिठलं चांगलं झालं की नाही हे भाजीच्या अभावावरून ठरत नाही. त्यासाठी ते खावं लागतं.

तर खाऊन बघू. त्या रात्री खोलीत खरोखर काय घडतं?

यापूर्वीची एक गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि जेसीला ठाऊक नाही. दुसऱ्या पर्वात जेसीची प्रेयसी जेन नशेच्या झोपेत, स्वतःच्याच उलटीने गुदमरून मेली. वॉल्टर तिथे उभा होता. तिला कुशीवर वळवलं असतं तरी ती जगली असती. त्याने वळवलं नाही. जेसी आजवर समजतो की दोष आपला.

आता ‘फ्लाय’. मास्तर वेडापिसा झालेला पाहून जेसी त्याच्या कॉफीत झोपेच्या गोळ्या टाकतो. गोळी चढू लागते, जीभ सैल होते. वॉल्टर म्हणतो, आपण जरा जास्तच जगलो, मरायचा एक नेमका क्षण होता तो हुकला. तो क्षण शोधत शोधत तो त्या रात्रीवर येऊन ठेपतो ज्या रात्री जेन मेली. त्या रात्री मद्यालयात जेनच्या बापाशी आपली गाठ पडली होती, तो कोण हे आपल्याला माहीतही नव्हतं, हेही तो सांगून टाकतो. आणि मग तो प्रसंग येतो. माशी छताला बसलेली. जेसी शिडीवर चढलेला. खाली झोपेने डोलणारा वॉल्टर ती शिडी धरून उभा. ज्याने त्याच्या माणसाला मरू दिलं त्याच्याच हातात शिडी, आणि वर चढलेल्याला त्याचा पत्ता नाही! वॉल्टर म्हणतो, जेनबद्दल मला वाईट वाटतं. पुढचं वाक्य ओठांवर आहे. आपला जीव टांगणीला. आणि वरून जेसीच त्याची समजूत काढू लागतो की तिला आपण कुणीच मारलेलं नाही.

पुढचं वाक्य येत नाही.

मंडळी, हे जर काहीच घडणं नसेल, तर घडणं कशाला म्हणायचं? गोळी सुटली तर घडलं आणि कबुली गळ्यात अडकली तर घडलं नाही, हा हिशेब गुन्हेगारी कथेच्या सवयीने आपल्याला शिकवला आहे. पश्चात्ताप पडद्यावर दिसत नाही, तो फक्त काहीतरी अडल्यावर दिसतो. इथे तो माशीपाशी अडला.

या माशीवर थोडं थांबू. वॉल्टरच्या तोंडी सारखा एकच मुद्दा आहे, दूषित होण्याचा. आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे, विटाळ. विष रांधणारा माणूस स्वयंपाकघर सोवळ्यात ठेवू पाहतोय. हातून झालेल्या गोष्टीला आत जागा नाही, म्हणून तो विटाळ बाहेर शोधतो आणि चपलेने मारायला धावतो. ही युक्ती आपल्या समाजाने शतकानुशतकं वापरली आहे, त्यामुळे मराठी माणसाला ती न्यू मेक्सिकोतल्या तळघरातही ओळखू यायला हरकत नाही.

अभिनवगुप्ताने रसाच्या वाटेतले सात विघ्न सांगितलेत. त्यातलं एक, अप्रधानता. जे गौण आहे तेच मुख्य होऊन बसलं तर रस जमत नाही. नाराज प्रेक्षकाची बाजू आम्ही त्याच्यासाठी लढवायला घेतली, तर हाच मुद्दा पुढे करू : माशी गौण आहे, तिच्यावर सबंध भाग कसा उभा राहील? उत्तर असं की माशी इथे आलंबन नाहीच. ती उद्दीपन आहे. भाव जेनच्या मृत्यूवर टेकलेला आहे, माशी त्याला फुंकर घालते. भाग उघडतो तोच माशीच्या अगदी जवळून घेतलेल्या दृश्यांनी आणि मागे बाळाला निजवणाऱ्या आईच्या आवाजाने. तीच अंगाई पुढे वॉल्टरच्या आठवणीत येते, बायको आणि मुलगी शेजारच्या खोलीत असताना ऐकलेली, जेन मेली त्याच रात्रीची. अवधान असलेल्याला पहिल्याच मिनिटाला पत्ता दिलेला होता.

दुसरं विघ्न आहे निजसुखादिविवशीभाव. आपल्याच सुखदुःखात माणूस इतका गुंतलेला की समोरचं त्याच्यात उतरतच नाही. पुढे काय होणार ही उत्कंठाही अशीच एक गुंतवळ आहे. आपले कीर्तनकार हे पुरतं ओळखून असतात. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. नुसत्या आख्यानासाठी येणारे पूर्वरंगात जांभया देतात आणि उत्तररंगात डोळे पुसतात. ते डोळे पूर्वरंगाने ओले करून ठेवलेत, हे त्यांना जाणवत नाही.

आता ‘ओझिमँडियस’कडे वळू. वाळवंटात सगळं कोसळलेलं आहे. वॉल्टर जेसीला मारेकऱ्यांच्या हवाली करतो आणि जाता जाता सांगतो, जेन मरत होती तेव्हा मी बघत उभा होतो, वाचवू शकलो असतो. शिडीखाली अडकलेलं वाक्य तीन वर्षांनी बाहेर पडलं. फक्त तेव्हा ती कबुली झाली असती, आता तो सुरा झाला. शब्द जवळपास तेच. प्रेक्षकांचा थरकाप उडाला आणि त्यांनी दहापैकी दहा दिले. बरोबरच दिले. पण त्या दहातले काही गुण २०१० च्या त्या माशीचे आहेत! ‘फ्लाय’ काढून टाका : वाळवंटातलं वाक्य उरेल, पण हा माणूस एकदा हे प्रेमापोटी सांगणार होता, हे उरणार नाही. मग तो नुसता दुष्ट उरतो. पाणी घातलेला भाग काढला तर काही बिघडत नाही, ही कसोटी आम्हाला पुरेशी वाटते, आणि या कसोटीवर ‘फ्लाय’ भरताड ठरत नाही.

डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये अभिरुचीच्या मानदंडावरच्या निबंधात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट वापरली आहे. दोन पारखी पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो चांगली आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली लोखंडी किल्ली निघते. २०१० मध्ये ‘फ्लाय’ची बाजू घेणाऱ्यांना ढोंगी, उगाच खोल शोधणारे, असं म्हटलं गेलं. त्यांचं पिंप रिकामं व्हायला २०१३ उजाडलं. मात्र ह्यूमपेक्षा आम्ही थोडं पुढे जाऊ. किल्ली निघाली नसती तरी चव होतीच. पुढे वाळवंटातला प्रसंग लिहिलाच गेला नसता, तरी त्या शिडीखालचं मौन तितकंच खरं होतं.

पाहुण्या दिग्दर्शकाचा मुद्दा राहिला. २००५ मध्ये क्वेंटिन टॅरंटिनो यांनी ‘सीएसआय’च्या पाचव्या पर्वाचा शेवट दिग्दर्शित केला होता. तपास पथकातला एक जण काचेसारख्या पेटीत जिवंत पुरलेला, आणि त्याचं तडफडणं सहकारी कॅमेऱ्यातून बघत आहेत. लोकांनी तो उचलून धरला. तिथे पाहुण्याचं नाव एवढं मोठं होतं की प्रेक्षक त्याचा हात शोधायलाच बसले होते, आणि त्याने यजमानांच्या घरचाच पदार्थ जास्त तिखट करून वाढला. रायन जॉन्सन यांचं नाव २०१० मध्ये सर्वतोमुखी नव्हतं. त्यांनी तिखट काढून घेतलं. आज ‘नाइव्ह्ज आउट’ पाहिलेला प्रेक्षक ‘फ्लाय’कडे नावामुळे आदराने बघतो, आणि ‘स्टार वॉर्स’चा २०१७ चा भाग न आवडलेला नावामुळेच नाक मुरडतो. ह्यूमच्या यादीत चांगल्या परीक्षकाला पूर्वग्रह नसावा असं आहे. तसा परीक्षक आम्ही तरी अजून पाहिलेला नाही.

भाग निर्दोष आहे असंही नाही. वॉल्टर कठड्यावरून खाली आपटतो, ती आदळआपट लांबली आहे. विनोद एकदा झाला की झाला. आणि शेवट. प्रयोगशाळेतली माशी जेसी मारतो, वॉल्टर झोपलेला असतो, इथे थांबायला हवं होतं. त्याऐवजी घरी, रात्री, छतावरच्या लाल दिव्याजवळ त्याला आणखी एक माशी दिसते. हे समजलेल्याला पुन्हा समजावणं झालं. न समजलेला तोवर उठून गेलेला असतो.

वेळ झाली आहे. पुढच्या वेळी रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तला लौकिकतावादाचा भाग घेऊ, तेव्हा हेच उदाहरण परत लागेल. आता प्रश्न विचारा. मालिका न पाहिलेल्यांनी आधी विचारले तर बरं.