जर्मन ग्रंथनामांतील मोठें अक्षर

देवनागरी लिपींत लहानमोठ्या अक्षरांचा भेद नसल्यामुळें रोमन लिपींतील मोठ्या अक्षराची ओळख आपल्या वाचकांस बहुधा इंग्रजींतून होते. इंग्रजी ग्रंथनामांत किरकोळ शब्द वगळून बाकीच्यांचीं आद्याक्षरें मोठीं छापण्याचा प्रघात आहे. तो मुद्रणाचा थाट होय. तीच संवय जर्मन ग्रंथनामांस लावणें आम्हांस सदोष वाटतें. कारण तेथें मोठें अक्षर हा अलंकार नसून व्याकरण आहे.

नियम साधा आहे. शीर्षकाचा पहिला शब्द मोठ्या अक्षरानें लिहावा. पुढें वाक्याचाच नियम चालवावा, म्हणजे नामें मोठ्या अक्षरानें आणि विशेषणें व क्रियापदें लहान अक्षरानें. रेमार्कच्या १९२९ सालच्या 'इम वेस्टेन निख्ट्स नॉयेस' या कादंबरीचें नांव घ्या. 'निख्ट्स', म्हणजे 'कांहीं नाहीं', हा शब्द लहान. 'नॉयेस' हें मूळचें 'नवें' असें विशेषण, पण येथें नाम झाल्यामुळें मोठें. पश्चिम आघाडीवर नवें असें कांहीं नाहीं, हा लष्करी वृत्तांतील मजकूर. आणि कथानायक पडतो तो याच दिवशीं! सारेच शब्द मोठे केले, तर त्या 'नव्या'चें वेगळेपण उरत नाहीं.

ब्रेख्टच्या 'डेर काउकाझिशे क्राइडेक्राइस' या नाटकाच्या नांवांत मधलें विशेषण लहान असतें. (खानोलकरांनीं हेंच नाटक 'अजब न्याय वर्तुळाचा' या नांवानें मराठींत आणलें.) परंतु हें नांव वाक्यांत विभक्ति घेऊं लागलें, कीं आरंभींचें उपपद अवतरणचिन्हाबाहेर जाऊन लहान होतें, आणि विशेषण शीर्षकाचा पहिला शब्द ठरून मोठें होतें. शीर्षक कोठें सुरू झालें, हें अक्षरच सांगतें.

या पद्धतीस विरोधकही थोर लाभले. याकोब ग्रिमनें १८५२ पासून निघूं लागलेल्या आपल्या महाकोशांत नामें लहान अक्षरांनींच छापविलीं. डेन्मार्कनें १९४८ सालीं ही चाल टाकली. जर्मनांनीं मात्र १९९६ च्या लेखनसुधारणेंतही ती राखली. शिकणाऱ्यास ती जाचक आहे, हें आम्हांस मान्य आहे. तथापि जोंवर ती रूढ आहे, तोंवर जर्मन ग्रंथनाम रोमन लिपींत उद्धृत करणाऱ्यानें मुखपृष्ठावरील ठळक अक्षरांवर न विसंबतां व्याकरण पाहावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.