कालवाचा जमाखर्च

खडकाला चिकटलेले कालव वर्षभरात किती वाढेल, हे सांगणारी गणिते पुष्कळ आहेत. बहुतेक गणिते म्हणजे मोजलेल्या लांबीतून काढलेली वक्ररेषा. नेदरलँड्समधील बास कोयमान यांनी १९७९ पासून विकसित केलेला आणि १९९३ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला ऊर्जा-अंदाजपत्रकाचा सिद्धांत मात्र प्राण्याच्या आत डोकावतो.

त्याची मांडणी घरखर्चासारखी आहे. खाल्लेले आधी शिल्लक म्हणून साठते. साठ्यातून निघालेल्या ऊर्जेचा ठरावीक हिस्सा शरीराची देखभाल व वाढ यांना, उरलेला प्रजननाला. अन्न घेण्याचा वेग पृष्ठफळाच्या प्रमाणात, देखभालीचा खर्च घनफळाच्या प्रमाणात. लांबी दुप्पट झाली की पृष्ठफळ चौपट होते, पण घनफळ आठपट! खर्च मिळकतीला गाठतो आणि वाढ थांबते. शाळेतल्या भूमितीतून प्राण्याचा कमाल आकार निघावा, हे आम्हाला फार आवडले. शिवाय अंडी सोडल्यावर कालवाचे मांस एकदम घटते, शिंपला तेवढाच राहतो. लांबीच्या रेषेत न दिसणारी ही घट या हिशेबात मांडता येते.

आमची तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. २००६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी या सिद्धांतावरून पॅसिफिक कालवाचे गणिती प्रारूप केले. बाहेरून घेतलेले घटक दोनच, तापमान आणि अन्न. निरनिराळ्या ठिकाणची वाढ छान जुळली, पण एक संख्या जागेगणिक बदलावी लागली. पाण्यात किती अन्न असले म्हणजे कालव कमाल वेगाच्या निम्म्याने खाते, ती ही संख्या. नावाने तो कालवाचा गुणधर्म. पण अन्न मोजले पाण्यातल्या हरितद्रव्यावरून, आणि हिरवे ते सगळे सारखेच खाण्याजोगे थोडेच असते? गाळ, निरुपयोगी प्लवक, मापनातील तफावत, सगळे त्या एका संख्येच्या पोटात गेले. वाढ मोजून झाल्यावर संख्या जुळवली, तर रेषा बिंदूंजवळून जाणारच. त्याला भाकीत कसे म्हणावे? कालवशेती करणाऱ्याला उत्तर बीज टाकण्याआधी हवे असते. पुढे २००९ मध्ये हरितद्रव्याऐवजी प्लवकांच्या पेशींची संख्या हे अन्नाचे अधिक चांगले माप ठरले, ही सुधारणा योग्य दिशेची.

कोकणातल्या खाड्यांत अडचण आणखी वेगळी. पावसाळ्यात आतल्या भागातले पाणी जवळजवळ गोडे होते आणि कालव शिंपले मिटून घेते. मग बाहेर अन्न किती आहे, याला अर्थ उरत नाही. त्या फ्रेंच प्रारूपात क्षारतेला जागाच नाही. उलट मेक्सिकोच्या आखातातील कालवांसाठी आयलीन हॉफमन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या प्रारूपात क्षारता आणि गढूळपणा दोन्ही होते. ते प्रारूप दिसायला बोजड आहे, पण खाडीचा विचार करताना आम्ही आधी तेच उघडू.

वर्गात वाढीचा आलेख काढताना अर्ध्या बिंदूंवरून संख्या ठरवावी, उरलेले बिंदू कागदाने झाकून ठेवावेत. रेषा काढून झाल्यावरच कागद उचलावा.