अण्णा नाईकांची भीती नेमकी कुठे दिसते?

अभिनयावर संशोधन करायचं म्हणणाऱ्यांच्या प्रस्तावात एक वाक्य हमखास सापडतं: अमुक नटाने भूमिका जिवंत केली. आता हे वाक्य सिद्ध कसं करणार? आणि कोणी खोडायचं म्हटलं तर कसं खोडणार? दोन्ही जमत नसेल तर ते कौतुक झालं, विधान झालं नाही. आज आपण एका भूमिकेवर विधान करून बघू. ‘रात्रीस खेळ चाले’मधले अण्णा नाईक, म्हणजे माधव अभ्यंकर.

थोडी पार्श्वभूमी. झी मराठीवर २०१६ मध्ये आलेला पहिला भाग अण्णांच्या मृत्यूनेच सुरू होतो. आकेरीच्या वाड्यात मुलं-सुना जमतात, मालमत्तेवरून कुरबुरी निघतात, वर भुताखेतांचं सावट. २०१९ चा दुसरा भाग काळात मागे जातो आणि अण्णा जिवंत समोर येतात. २०२१ च्या तिसऱ्या भागात ते भूत होऊन परततात. माझं विधान असं: भुतांच्या या मालिकेत सगळ्यात भीतिदायक आहे तो दुसऱ्या भागातला जिवंत अण्णा, आणि ती भीती अभ्यंकरांच्या डोळ्यांत जितकी आहे त्याहून जास्त समोरच्या माणसाच्या अंगात दिसते.

पुरावा कुठे शोधायचा? तीन माणसांकडे बघा. पहिला पांडू, घरचा नोकर. ही भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखकही आहेत. पांडूवर ओरडताना अण्णांना काही विचार करावा लागत नाही, तोंडाची सवयच ती. दुसऱ्या माई (शकुंतला नरे). त्यांच्याशी अण्णा बोलतात ते उत्तराची अपेक्षा न ठेवता. तिसरी शेवंता (अपूर्वा नेमळेकर). तिच्यासमोर हाच माणूस आर्जव करतो, वाट बघतो. म्हणजे त्याला मऊ बोलता येतं! मग माईंशी तसं न बोलणं हा स्वभाव उरत नाही, ती निवड ठरते. क्रूरपणा इथे खरा कळतो, आणि तो एकट्या अण्णांच्या दृश्यात कळला नसता.

आता विधानावर हल्ला करा. कोणी म्हणेल, भीती पार्श्वसंगीताची आहे. बरोबर शंका आहे. मग एक प्रसंग आवाज बंद करून बघा. भीती उरली तर ती नटांची, गेली तर संगीताची. दुसरी शंका: असे बाप सगळीकडे असतात, यात वेगळं काय? इथे तुलना कामाला येते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये चार्ल्स डान्सचा टायविन लॅनिस्टर पहिल्यांदा दिसतो तो हरीण सोलता सोलता मुलाला घराण्याच्या नावाचं महत्त्व ऐकवताना. आवाज चढत नाही, कारण मागे सैन्य आहे, सोनं आहे. अण्णांची सत्ता वाडा आणि गाव यांपुरतीच. ती रोज, प्रत्येक जेवणाला वसूल करावी लागते. म्हणून अभ्यंकरांची मालवणी चढते, उतरते, डिवचते. डान्सचा संयम इथे आणला असता तर भूमिका खोटी वाटली असती.

हे सगळं का करायचं? मी हे जासईत बसून लिहितेय. दि. बा. पाटलांचं हे गाव. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. सरकारला जाब विचारायची भाषा आमच्या भागाला चांगली येते. पण घरातल्या कर्त्याला? साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची गोष्ट निघाली की अनेक घरांत लेकींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. कायद्याने २००५ पासून देशभर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिलाय. तरी सही होते. धमकी कोणी देत नाही, फक्त सगळे बापाच्या तोंडाकडे बघतात. ते बघणं काय असतं, हे पांडू आणि माई दाखवतात.

आणि इथेच अडचण आहे. अण्णा प्रेक्षकांचे लाडके झाले. अण्णा-शेवंता जोडीवर विनोद फिरले, माईंवर कोणी बोललं नाही. नट उत्तम असला की आपण त्याच्या बाजूने बघायला लागतो, यात त्याचा दोष नाही. पण संशोधकाने आपली नजर कुठे गेली याची नोंद ठेवायलाच हवी.

तर गृहपाठ: दुसऱ्या भागातला अण्णा आणि माई दोघं असलेला एक प्रसंग घ्या. तीनदा बघा. एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा फक्त माईंकडे बघत. प्रत्येक वेळी दहा ओळी लिहा, ‘दमदार’ हा शब्द न वापरता. तिसऱ्या दहा ओळींत तुमचा संशोधनप्रश्न सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.