अद्भुतपट आणि त्यांचे चित्रग्रंथ

चित्रपटाबरोबर निघणाऱ्या सचित्र ग्रंथाला समीक्षेने सहसा आपल्या कक्षेत घेतलेले नाही. जाहिरातीचा एक प्रकार, फार तर हौशी प्रेक्षकाने संग्रही ठेवावयाची आठवण, असे त्याला मानण्याचा प्रघात आहे. अद्भुतपटाच्या बाबतीत मात्र हा प्रघात अपुरा पडतो. तेथे घर, शस्त्र, लिपी यांपैकी फारच थोडे आयते मिळते. बहुतेक सारे आधी कागदावर रेखाटावे लागते. या रेखाटनांचे चित्रपटाशी आणि मूळ वाङ्मयकृतीशी नाते काय, हा प्रश्न साहित्यविचाराचाच आहे.

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. परीकथेवरील आपल्या निबंधात टॉल्किन यांनी अशा कथांना चित्रांचा फारसा उपयोग नाही, असे मत मांडले आहे. शब्दाने ‘टेकडी’ म्हटले की प्रत्येक वाचक स्वतःची टेकडी उभी करतो; चित्र एकच टेकडी सर्वांवर लादते, अशी त्यामागची भूमिका. तथापि ‘द हॉबिट’ (१९३७) या आपल्या पुस्तकासाठी त्यांनी स्वतःच चित्रे काढली होती. तेव्हा त्यांच्या आक्षेपाचा रोख चित्रकलेपेक्षा चित्राने प्राप्त होणाऱ्या अंतिमतेवर आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

अ‍ॅलन ली यांनी १९९१ च्या सचित्र आवृत्तीसाठी केलेली जलरंगचित्रे ही अंतिमता टाळतात. त्यांतील माणसे बहुधा दूर आणि लहान असतात. धुके, कडे, जुनी झाडे यांनाच प्राधान्य मिळते. पुढे पीटर जॅक्सन यांच्या चित्रत्रयीसाठी (२००१-२००३) ली आणि जॉन हाउ यांनी संकल्पनाचित्रे काढली. या प्रवासातील ली यांची रेखाटने २००५ मध्ये त्यांच्याच निवेदनासह ग्रंथरूपाने आली. पेन्सिलीची रेघ येथे जागोजाग अपुरी सोडलेली आहे. ध्वनिवादी परिभाषेत सांगावयाचे तर चित्रपटाच्या चौकटीत जे वाच्य झाले, ते या रेखाटनांत अद्याप व्यंग्य आहे.

याच्या उलट टोकाला जूड फिशर यांची, चित्रपटांसोबत निघालेली ‘व्हिज्युअल कम्पॅनियन’ ही पुस्तके आहेत. पडद्यावरील छायाचित्रे आणि त्या जगातील लोकांची व स्थळांची ओळख, असा त्यांचा घाट आहे. जिज्ञासू प्रेक्षकाची सोय ती उत्तम करतात. परंतु नटाचा चेहरा हाच पात्राचा चेहरा, हे समीकरण त्यांत पक्के होते. रूप घडले कसे, हा प्रश्न त्यांत मुख्य नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. चित्रपट पाहिलेल्याच्या मनातून तो चेहरा रेखाटन तरी कसे पुसणार? शिवाय अशा ग्रंथांतील निवड चित्रपट पुरा झाल्यावर होते. त्यामुळे प्रत्येक कच्चे चित्र जणू त्या एकाच शेवटाकडे चालले होते, असा भास होतो. हा आक्षेप बराचसा खरा आहे. रेखाटन वाचकाला त्याची मूळ टेकडी परत देऊ शकत नाही. पण पडद्यावरील टेकडी अनेक शक्यतांतून निवडलेली एक होती, एवढे ते दाखवून देते. त्या रूपाची अपरिहार्यता नाहीशी झाली की वाचकाच्या कल्पनेला पुन्हा अवकाश मिळतो.

ब्रायन फ्राउड यांचा ‘द वर्ल्ड ऑफ द डार्क क्रिस्टल’ (१९८२) मात्र या कसोटीबाहेर राहतो. जिम हेन्सन यांच्या त्या चित्रपटामागे आधीची कादंबरी नव्हती. फ्राउड यांची चित्रे हाच त्याचा एक मूलस्रोत होता. तेथे शब्दावर अतिक्रमण होण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि ग्रंथाला स्वतंत्र कृतीचा मान सहज देता येतो.

परंतु जेथे आधी शब्द आहे, तेथे चित्रग्रंथाचे मूल्य त्याच्या छपाईच्या वैभवावर ठरवणे चुकीचे होईल. पडद्याने मिटवलेला विकल्प तो पुन्हा किती उघडतो, हाच त्याचा खरा निकष होय.