कसूर, मुदत आणि समाप्ती

फ्रँचाईझी करारातील कसुरीचे कलम वरवर पाहता न्याय्य भासते. कसूर लेखी कळवावी, ती दूर करण्यास मुदत द्यावी आणि मुदतीनंतरच करार संपवावा, असा त्याचा क्रम असतो. परंतु कलमाचा अर्थ शेजारच्या कलमाने ठरतो. ‘इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस’ हा १९९१ च्या निर्णयसंग्रहातील खटला वितरकाविषयीचा असला, तरी प्रश्न तोच आहे. त्या करारात २७ वे कलम कसुरीबद्दलचे होते. २८ वे मात्र कारण न देता ३० दिवसांच्या नोटिशीने करार संपविण्याची मुभा देणारे होते. वितरकाची कसूर शाबीत झाली नाही, तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्याला वितरणाधिकार परत दिला नाही. ३० दिवसांच्या उत्पन्नाइतकी भरपाईच योग्य मानली. याउलट कॅलिफोर्नियात २०१६ पासूनच्या फ्रँचाईझी करारांच्या समाप्तीस सबळ कारण लागते, आणि काही अपवाद वगळता निवारणासाठी किमान ६० दिवस द्यावे लागतात. तात्पर्य, कारणाची अट नसेल तेथे निवारणाची मुदत हा निव्वळ उपचार ठरतो. मुदतीचे दिवस मोजण्यापूर्वी विनाकारण समाप्तीचे कलम शोधणे अभ्यासकास इष्ट होय.